गुणाआत्याचा हुंकार

आमचे मास्तर ग्रीक भाषेत पास झाले, ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात पास झाले, आणि उपदेशात नापास झाले. आता बोला! जो माणूस मिसरूड फुटल्यापासून दर रविवारी उपदेश करत आला, ज्याला ऐकायला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बाया अंगावरची भुकटी न झाडता येऊन बसायच्या, त्याला बेळगावच्या सेमिनरीनं सांगितलं, की तुम्हाला उपदेश करता येत नाही. मी त्यांची बायको, मनुबाई. मिशनच्या बोर्डिंगात शिकल्यामुळं माझी भाषा तशी सुधारलेली, पण राग आला की मूळपदावर येते. त्या दिवशी जोंधळं दळता दळता मी परीक्षा घेणाऱ्यांचा जो उद्धार केला, तो पाळकाच्या बायकोच्या तोंडी शोभणारा नव्हता.

पण आधीचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मास्तरच मठ्ठ.

निपाणीपासून दीड कोसावर आमची वस्ती. आमचं चर्च म्हणजे मातीच्या भिंती, वर खापऱ्या, मधोमध एक लाकडी खांब आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. बाकं कुठली! बाया डावीकडं, बाप्ये उजवीकडं, सगळी खालीच बसायची. त्या खांबाला पाठ टेकून गुणाआत्या बसायची. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती, सगळ्या वस्तीचीच आत्या. जन्म वखारीत गेला, त्यामुळं तंबाखूच्या खकाण्यानं आवाज घोगरा झालेला. सगळी वस्ती मास्तरांना मास्तर म्हणायची, ती एकटी त्यांना शामू म्हणायची. बाप्तिस्म्याचं नाव शामुवेल, पण तेवढं लांब नाव घ्यायला तिला सवड नव्हती.

आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. कुणीतरी 'हं', 'व्हय', 'मग?' म्हणायला लागतं, तरच गोष्ट पुढं जाते. मास्तर उपदेश करायला शिकले ते गुणाआत्याच्या हुंकारावर.

"एक धनगर हुता," मास्तर म्हणायचे.

"हं," खांबाजवळून यायचं.

"शंभर मेंढरं त्येची."

"आरं देवा! लई की. मग?"

"त्यातलं एक चुकलं."

"चुकणारच. कोकरू आसंल."

"कोकरूच हुतं, आत्या." आणि मग मास्तरांना असा काही जोर चढायचा, की ते कोकरू शोधायला आख्खी वस्ती तवंदीच्या डोंगरात हिंडून यायची. सापडलं की बाया डोळे पुसायच्या. दर वर्षी तीच गोष्ट, दर वर्षी तेच रडं.

मी मात्र कधी हुंकार दिला नाही. मी पुढं, बाजूला, पाळकीणबाईच्या जागी ताठ बसायची. उपासनेत तोंड मिटून बसावं, असं बोर्डिंगातल्या मडमबाईंनी शिकवलेलं. शिवाय घरात मी दिवसभर बोलतेच, देवाच्या घरी तरी त्यांना जरा विसावा नको का?

लोक मला पाळकीणबाई म्हणायचे खरं, पण मास्तर पाळक नव्हते. ते नुसते उपदेशक. दीक्षा झालेली नाही, म्हणून बाप्तिस्मा द्यायचा अधिकार नाही, प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, तो द्यायचाही अधिकार नाही. त्यासाठी बेळगावहून मिशनचे साहेब यायचे, वर्षातनं एकदा, फार तर दोनदा. तोवर आम्ही वाट बघायची. वस्तीला त्याची सवय झालेली. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ते वाटलं गुणाआत्याचा नवरा भरमूआण्णा गेला तेव्हा. ऐन पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला. जाण्याआधी एकदा प्रभुभोजन मिळावं एवढंच त्याचं मागणं होतं. साहेबांना सांगावा गेला, साहेब निघालेसुद्धा, पण नदीला पूर आला आणि ते संकेश्वरात अडकून पडले. भरमूआण्णानं मास्तरांचा हात धरला. "शामू, तूच दे की रं. भाकरी घरात हाय." मास्तरांनी मान खाली घातली. अधिकार नव्हता हो! हात हातात घेऊन ते नुसती प्रार्थना करत राहिले, आणि भरमूआण्णा तसाच गेला. पूर ओसरून साहेब आले तेव्हा त्याच्या मातीवर गवत फुटलं होतं.

आत्यानं मास्तरांना बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "त्येंचं ऱ्हायलं. माझं तरी ऱ्हाऊ देऊ नगंस, शामू. मला तुझ्या हातचं पायजे."

झालं! त्या वाक्यानं मास्तरांची झोप उडाली. काम करणाऱ्या उपदेशकांसाठी सेमिनरीत वरचा वर्ग निघाला होता. उन्हाळ्यात दोन महिने बेळगावच्या कॅम्प भागात राहून शिकायचं, उरलेलं वर्ष आपापल्या गावी पुस्तकं वाचायची, आणि शेवटी परीक्षा. पास झाला तर दीक्षा. मास्तरांनी चाळिशी ओलांडलेली, कानशिलं पिकलेली. तरी नाव घातलं. मग काय विचारता! म्हशीला पाणी दाखवताना ग्रीक अक्षरं, जेवताना ग्रीक अक्षरं. शेजारची मालुबाई, म्हणजे गुणाआत्याची सून, एकदा हळूच मला विचारून गेली, "मास्तरांस्नी कुणी काय केलंय का वो? एकलंच बडबडत्यात." मी म्हटलं, "केलंय की. तुझ्या सासूनं केलंय."

तीन उन्हाळे असे गेले. लेखी सगळं सुटलं. राहिला परीक्षेचा उपदेश. तो सेमिनरीच्या चर्चमध्ये उभं राहून द्यायचा, पुढं परीक्षक आणि मागं सगळा वर्ग. मास्तरांनी अर्थातच धनगर काढला. आणि काय झालं, ते घरी आल्यावर त्यांनीच मला सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

"मी म्हटलं, एक धनगर हुता. आन् थांबलो."

"मग?"

"कोण कायच बोलंना गं. मला वाटलं ऐकू गेलं न्हाय. परत म्हटलं, एक धनगर हुता. तरी सगळी गप. तिसऱ्यांदा म्हटलं, तवा मागं कोणतरी फिदकन हसलं. मग माझं कोकरू कुठं गेलं ते माझं मलाच कळलं न्हाय."

एवढा मोठा बाप्या, पण त्याचे खांदे हलत होते. मी आयुष्यभर त्यांच्यावर डाफरले असेन, त्या वेळी मात्र जवळ जाऊन नुसता पाठीवरनं हात फिरवला. पुढच्या उन्हाळ्यात अजून एकदा संधी होती. ती शेवटची. तीही गेली तर मास्तर जन्मभर उपदेशकच राहणार होते.

आत्याला कळलं तेव्हा ती खांबाला टेकूनच बसलेली. "म्हंजी माझ्यामुळं नापास झालास व्हय रं?" म्हणाली. "आता बघ, मी तोंडच उघडत न्हाय. हुंकाराबिगर सांगायची बी सवय लागू दे तुला." मलाही ते पटलं. मी घरोघर जाऊन ताकीद देऊन आले, की येत्या रविवारी कुणी हूं की चूं करायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं.

तो रविवार मी कधी विसरायची नाही. मास्तर उभे राहिले. "एक धनगर हुता," म्हणाले. कुणी हललं नाही. मास्तरांच्या कपाळाला घाम. "शंभर मेंढरं त्येची." आत्यानं पदराचा बोळा करून तोंडात कोंबलेला, डोळे बाहेर आलेले. "त्यातलं... त्यातलं एक..." आणि मास्तर अडकले. वर बघतात, खाली बघतात, शब्द काही फुटेना. शेवटी आत्यानं पदर ओढून काढला आणि ओरडली, "चुकलं, आरं, चुकलं! सांग की लवकर, अंधार पडाय लागलाय, कोकरू एकलं हाय तिकडं!" सगळं चर्च हसायला लागलं. मास्तरही हसले आणि भडाभडा पुढं सांगत सुटले. सवय लावायचा कार्यक्रम तिथंच संपला.

मी इतरही उपाय केले. भिंतीपुढं उभं केलं, तिथं ते मुकेच. गोठ्यात म्हशीपुढं उभं केलं, तर तिनं नाक फुर्रर केलं, आणि तेवढ्यावर मास्तर कोकरू घेऊन घरी पोचले. मी कपाळाला हात लावला.

त्या हिवाळ्यात आत्या खचली. आधी रविवारी काठी घेऊन यायची, मग मालुबाईचा हात धरून, मग यायचीच बंद झाली. परीक्षेला निघायच्या दिवशी आम्ही पाया पडायला गेलो. तिनं मला जवळ ओढलं.

"मने, औंदा तू बी जा त्येच्या संगट."

"मी जाऊन काय करू, आत्या?"

"माझ्या जागी बस. हुंकार दे."

"मी? पाळकाची बायको? त्या सायबांच्यापुढं?"

"मग काय म्हसरू पाठवू?" म्हणाली. एवढी अंथरुणाला लागलेली, पण जिभेला धार तीच. मग मास्तरांकडं बघून म्हणाली, "जावा. मी काय, थांबतो की." आमच्याकडं बायाही असंच बोलतात, येतो, जातो, थांबतो. पण तिच्याकडं बघून मला धीर वाटेना. हातात नुसती हाडं लागत होती.

निपाणीहून सर्व्हिस मोटारीत बसलो. सेमिनरीचं चर्च तर आमच्या दहा चर्चांएवढं. उंच छत, पॉलिश केलेली बाकं, कुणी पाय हलवला तरी आवाज घुमायचा. पुढं परीक्षक बसलेले, रेव्हरंड आनंदराव, चष्म्यातनं वर बघायची सवय असलेले. मला सगळ्यांत मागं पाळकांच्या बायकांत जागा मिळाली.

मास्तर वर चढले. "एक धनगर होता," म्हणाले, भाषा जरा सुधारून.

आणि थांबले.

ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. मला मडमबाई आठवल्या, मग आत्याच्या हाताची हाडं आठवली. म्हटलं, मडमबाई गेल्या खड्ड्यात.

"हं," मी म्हणाले. आवाज केवढा मोठा निघाला! "मग?"

शंभर माना मागं वळल्या. मास्तरांचा चेहरा मात्र असा खुलला म्हणता! "शंभर मेंढरं त्याची." "बापरे. मग?" "त्यातलं एक चुकलं." "चुकणारच!" चौथ्या वाक्याला कुठूनतरी एका कानडी पाळकानंही "हौदु" म्हणून दाद दिली. तेवढ्यात रेव्हरंड आनंदरावांनी हात वर केला.

"थांबा. बाई, परीक्षा यांची आहे."

मी उभी राहिले. "साहेब, यांना सवय हाय. कुणी हुंकार दिल्याबिगर हे पुढं जात न्हाईत."

"आणि उद्या यांची बदली झाली, आणि तिथं कुणी हुंकार दिला नाही, तर? तिथल्या लोकांनी उपाशी राहायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. हे पहिल्यापासून सुरुवात करतील. त्यांना ही एक संधी मी देतो."

मास्तर माझ्याकडं बघत होते. पहिल्या दिवशी शाळेत सोडून निघालेल्या आईकडं पोरं बघतात, तसे. दारापाशी पोचल्यावर मी वळले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मी हितंच हाय, बाहेर जांभळीखाली. तुम्ही सांगा तुमचं. मी हुंकार देतच हाय, ऐकू येऊ दे न्हायतर न येऊ दे."

दार लागलं. मी जांभळीच्या बुंध्याशी बसले. खिडकी उंचावर, आतला मास्तरांचा आवाज तेवढा पुसट यायचा. शब्द नीट कळत नव्हते, पण गोष्ट मला पाठ होती. सूर चढला, थांबला. धनगर आला. "हं," मी पुटपुटले. "मग?" आत काही क्षण शांतता. आणि मग सूर पुढं निघाला. मेंढरं आली. "लई की. मग?" परत तेवढीच शांतता, परत सूर पुढं. झाडांना पाणी घालणारा माळी झारी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. बघ बाबा, म्हटलं, वेड लागलंय मला, तू झाडं बघ.

एका जागी मास्तर फार वेळ थांबले. मला ती जागा ठाऊक होती. अंधार पडलाय, डोंगरात धनगर हाका मारतोय, आणि कोकरू ओ देत नाही. मी पदर गच्च धरला. "मग?" म्हटलं. आत काही नाही. "मग? अवो, मग?" माझे डोळे भरून आले. देवा, एवढं एक कोकरू सापडू दे, म्हटलं, म्हातारी वाट बघतीया. आणि आतून मास्तरांचा आवाज आला, आमच्या मातीच्या चर्चमध्ये यायचा तसा भरभरून, आणि शेवटपर्यंत थांबला नाही.

रेव्हरंड आनंदराव स्वतः बाहेर आले. मी धडपडत उठले. "बाई, पास झाले," म्हणाले. मी पदर तोंडाला लावून तिथंच हुंदका दिला, लाजलेबिजले नाही. ते जरा घुटमळले. "मधे मधे थांबतात फार. पण आज ते थांबले, की मलाच काहीतरी म्हणावंसं वाटत होतं."

"म्हणायचं की मग, साहेब!" मी म्हणाले. ते चक्क हसले.

लागलीच येणाऱ्या रविवारी कॅम्पातल्या चर्चमध्ये दीक्षाविधी झाला. वडीलधाऱ्या पाळकांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवले आणि आमचे मास्तर रेव्हरंड शामुवेल झाले. परतीच्या मोटारीत मी विचारलं, "अवो, माझा आवाज यायचा का आत?"

"न्हाय. भिंत केवढी जाड हाय ती."

"मग कसं जमलं?"

"तू म्हणतीयास, हे ठावं हुतं की," मास्तर म्हणाले. "तुझ्या हुंकाराजोगतं थांबायचो आन् पुढं निघायचो."

घाट लागला होता. मी तोंड खिडकीकडं फिरवलं. संसाराला वीस वर्षं होऊन गेली, एवढं गोड बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आणि तेही ग्रीक शिकून आल्यावर!

निपाणीच्या थांब्यावर मालुबाई उभी होती. मास्तर मोटार थांबायच्या आत खाली उतरले. "हायत," मालुबाई म्हणाली. "पर अन्न सोडलंय. डोळं उघडीनात. आला का, आला का, एवढंच इचारत्यात."

घरी पोचल्या पोचल्या मी चूल पेटवली. गव्हाची एक भाकर भाजली. द्राक्षांचा रस कुठला मिळायचा! आम्ही मनुका भिजवून, कुस्करून, तेच पाणी गाळून घ्यायचो. ते एका वाटीत घेतलं, स्वच्छ फडक्यानं झाकलं आणि भर दुपारी आम्ही आत्याच्या घरी गेलो. आधीच सगळी वस्ती दारात जमलेली.

आत्या भिंतीकडंच्या अंथरुणावर पडलेली, डोळे मिटलेले. भरमूआण्णाही तिथंच निजलेला असायचा. मास्तर तिच्या उशाशी मांडी घालून बसले. त्यांनी प्रार्थना केली. प्रभू शेवटच्या रात्री आपल्या माणसांत जेवायला बसला, इथपासून सांगायला सुरुवात केली. त्यानं भाकर हातात घेतली, इथवर आले. स्वतःही भाकर हातात घेतली. आणि त्यांचा आवाज गेला.

या वेळी हुंकारासाठी थांबले नव्हते ते. त्यांच्याच्यानं बोलवेना. आसवं दाढीत उतरत होती. त्याच भिंतीकडं बघत होते. मला दिसत होतं, त्यांना कोण आठवतंय ते. मी जवळ सरकले. हुंकार द्यायला तोंड उघडलं.

माझ्याआधी आत्याचे ओठ हलले.

"मग?"

डोळे मिटलेलेच. आवाज घोगरा, पण खांबाजवळून यायचा तोच.

"थांबलास का रं, शामू? पुढं सांग की. समदं नीट सांग. आमच्या म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं हाय मला."

मग मास्तरांनी सांगितलं. एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत सांगितलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.